उलट्या हाताची काजं

उद्योगशाळेत सगळे त्यांना शिवणबाई म्हणायचे. शिवण विभाग त्यांचा, म्हणून शिवणबाई, इतकं सरळ. बाईंच्या नाकावर माशी बसायची नाही. वाकडी टीप दिसली की अख्खी शिलाई उसवायला लावायच्या, मग समोरची पोरगी रडो नाहीतर पडो. आणि एक गोष्ट त्या ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्याला सारख्याच जोरात ऐकवायच्या, की आमच्या शाळेत येणाऱ्याचे गुण बघू नका, हात बघा.

हे ऐकवायची वेळ दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत यायची. शाळेची पद्धत जुनी होती. निम्मे गुण आधीच्या शाळेतल्या निकालाचे, आणि निम्मे एका वस्तूचे. प्रवेशाला येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू आणायची. शिपाई तिच्यावर नुसता आकडा चिकटवायचा, नाव नाही. वस्तू लांब टेबलावर मांडल्या जायच्या, आणि दार लावून तिघं पंच त्या बघायचे. गुण पडले की मग त्या आकड्याच्या मुलाला आत बोलवायचं, चार प्रश्न विचारायचे, विभाग ठरवायचा. तोवर मुलं बाहेर बाकावर.

मुख्याध्यापकांना ही पद्धत पटत नव्हती. माणूस वाईट नव्हता, पण टक्केवारी बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. "आपली मुलं कामात वाघ आहेत हो बाई, पण लेखी पेपर आला की शेपूट घालतात. वरून विचारणा होते ती मला. चांगल्या गुणांची मुलं घेऊ, निकाल आपोआप सुधारेल," असं ते म्हणायचे.

"निकाल सुधारेल आणि सुईत दोरा ओवायला माणूस मिळणार नाही," बाई म्हणायच्या.

"आणि वस्तू घरचे करून देतात, त्याचं काय?"

"ते मला कळतं. हात ओळखते मी."

शेवटी असं ठरलं, की यंदा वस्तू ठेवायची. पण घरच्यांनी करून दिलेली एक जरी वस्तू पंचांच्या नजरेतून निसटली, तर पुढच्या वर्षापासून फक्त गुण. बाईंनी छातीठोकपणे जबाबदारी अंगावर घेतली. त्यांना असल्या जबाबदाऱ्या आवडायच्या.

त्या दिवशी टेबलावर नेहमीसारखा बाजार मांडलेला होता. एक लंगडं स्टूल, पत्र्याच्या डब्याचा दिवा, विणलेली टोपी, पक्ष्यांसाठी घर, ज्यात कुठल्याही शहाण्या पक्ष्याने पाऊल टाकलं नसतं. तिसरे पंच सुतारसर. गडी गोलमटोल, सावकाश बोलणारा, आणि प्रत्येक वस्तूत काहीतरी चांगलं शोधणारा. बाईंना त्यांचा हा स्वभाव म्हणजे निव्वळ आळस वाटायचा.

"वा!" सुतारसर म्हणाले. "हे बघा."

त्यांच्या हातात लहान मुलाचं एक जाकीट होतं. राखाडी कापड, आत निळं अस्तर, पुढे ओळीने बटणं. बाईंनी ते घेतलं आणि त्यांचंही मन एकदम खूष झालं. खांदा कसा बसला होता! अस्तराला कुठे ओढ नव्हती, खिशाची पट्टी रेघ मारल्यासारखी सरळ. आपल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना दाखवावं असं काम. बाई पूर्ण गुण देणारच होत्या. मग त्यांनी काजं बघितली, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

काजं हातशिलाईची होती आणि उलटी होती. सगळं जग काज एका टोकापासून सुरू करतं, ही दुसऱ्या टोकापासून केलेली. त्यामुळे गाठींची रांग उलटी पडली होती आणि शेवटचा आडवा टाका भलत्याच बाजूला आला होता. गिऱ्हाइकाला हे जन्मात कळलं नसतं. बाईंना मात्र डोळे मिटून कळलं असतं. त्यांचे वडील शिंपी होते आणि डावखुरे होते. त्यांच्या मांडीला मांडी लावून बाई आणि बाईंचा धाकटा भाऊ काम शिकले, उजव्या हाताने, पण वडिलांच्या डाव्या हाताची नक्कल करत. बाईंची ती खोड पुढे शिक्षणाला गेल्यावर तिथल्या मास्तरणीने उसवून उसवून मोडून काढली. भाऊ वडिलांच्याच दुकानात बसला, त्याची कोण मोडणार? म्हणजे जगात असली काजं करणारा हात आता एकच उरला होता.

आणि भावाची मुलगी यंदा प्रवेशाला आली होती. तिला घरात गुंडी म्हणायचे, लहानपणी बटणासारखी गोल होती म्हणून.

बाईंना आधी लाज वाटली ती भावाची. आपल्या बहिणीच्या शाळेत, आपल्या बहिणीच्या डोळ्यांसमोर ह्याने स्वतःचं काम पोरीच्या नावावर खपवायला पाठवावं! मग त्या लाजेचा राग झाला, आणि रागाच्या मागून, खरं सांगायचं तर, थोडी ऐटही आली. आपण आपल्या माणसालासुद्धा सोडत नाही, हे दाखवायची याहून चांगली संधी कुठली?

"हे बाद," बाई म्हणाल्या, आणि जाकीट टेबलावर टाकलं.

"बाद?" सुतारसरांचा चेहरा पडला.

"हे मुलीचं काम नाही, तिच्या बापाचं आहे. तो बाप माझा सख्खा भाऊ. माझ्या भाचीची वस्तू आहे ही, आणि मी स्वतः सांगते की हिला शून्य द्या."

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. "तुमची खात्री आहे?"

"अहो, पोरीला मी ओळखत नाही का? गणितात नापास, बाकीच्यात काठावर. जिला पाऊण आणि सव्वा यांतला फरक कळत नाही, ती हे माप घेऊन कापणार? छाती, खांदा, गळा, सगळा हिशेबच असतो की तो. तिला साधा रुमाल चौकोनी कापता येईल असं मला वाटत नाही."

हे बोलताना बाईंची नजर दाराकडे गेली. दाराखाली चांगली बोटभर फट होती आणि तिच्यातून बाकावरच्या मुलांचे पाय दिसायचे. एक जोडी मघापासून झोके घेत होती. बसल्या जागी पाय हलवायची गुंडीची सवय जुनी, त्यावरून तिची आई तिला रोज ओरडायची. बाईंच्या बोलण्याच्या मध्येच ते पाय थांबले. कंटाळली असेल, एवढंच बाईंच्या मनात आलं.

"मुलगी बाहेरच आहे ना?" सुतारसर म्हणाले. "बोलावू या. विचारू या तिलाच. हवं तर एक काज करायला लावू."

"विचारायचं काय त्यात? ती रडेल, आणि तुम्ही विरघळाल. मग तिच्या जागी एखादी खरोखर काम करणारी पोर बाहेर राहील. नको. नियम तो नियम."

सुतारसरांनी जाकिटाची घडी नीट केली. मुख्याध्यापकांनी लिहून घेतलं, आणि बाईंनी तो शेरा बाहेरच्या निकालाच्या फळ्यावरही लिहायला लावला. बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की, बघितलंत ना, म्हटलं होतं मी. काम संपल्यावर मात्र त्या पुढच्या दाराने बाहेर पडल्या नाहीत. मागच्या जिन्याने उतरल्या. जिना जवळ पडतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तो मुळीच जवळ पडत नव्हता.

संध्याकाळी बाई भावाकडे निघाल्या ते त्याची चांगली हजेरी घ्यायला. अंगात शाळेचा निळा कोट तसाच होता, बदलायचाही धीर नव्हता. रस्ताभर त्या मनात बोलत होत्या. वडिलांचं नाव बुडवलंस. माझं तोंड काळं केलंस. पोरीला खोटं शिकवलंस. एकेक वाक्य घासूनपुसून लखलखीत केलं होतं.

भावाचं दुकान पुढे आणि घर मागे. भाऊ मशीनवर बसला होता, गळ्यात टेप. भावजय कोपऱ्यात इस्त्री करत होती. गिऱ्हाईक कोणी नव्हतं, हे बाईंना बरंच वाटलं.

"ये ताई," भाऊ म्हणाला. "आज गुंडीचं नाही जमलं. तुला कळलंच असेल. गुण कमी पडले म्हणाली."

"गुण कमी पडले म्हणाली?" बाईंनी पिशवी आपटली. "आणि फळ्यावर काय शेरा लिहिलाय ते नाही सांगितलं? वस्तू स्वतःची नाही, असं लिहिलंय! सगळ्या शाळेसमोर! आणि ते मी लिहायला लावलं. तू काय समजलास, तुझी काजं मी ओळखणार नाही?"

भावाने गळ्यातली टेप काढून हातात घेतली. मग त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने इस्त्री उभी केली.

"माझी काजं?" तो हळूच म्हणाला. "ताई, दार लोट जरा."

"का? लाज वाटते आता?"

"लोट म्हणतो ना."

बाईंनी दार लोटलं. भावाने गादीखाली हात घालून सुई काढली आणि दोरा घेतला. सुई त्याने आधी नाकाशी धरली, मग हात लांब केला, मग आणखी लांब. दोरा भोकाच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला, भोकात काही गेला नाही. बघवत नव्हतं.

"मला जवळचं दिसत नाही, ताई. मशीनचं जमतं सवयीने. कापायचं जमतं. हातशिलाई सुटली ती सुटलीच."

"मग चष्मा घे, मूर्खा!"

"हेच मी सांगून थकले," भावजय म्हणाली. "तर म्हणे, चष्मेवाल्या शिंप्याकडे लोक येत नाहीत. स्वतःला देखणे समजतात अजून. तुम्हालासुद्धा सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ताई काय म्हणेल, ताई काय म्हणेल!"

"मग ही सगळी..." बाईंनी दुकानात टांगलेल्या कपड्यांकडे बघितलं. "दुकानातली काजं कोण करतं?"

"कोण म्हणजे? गुंडी. काजं, तुरपाई, अस्तर लावणं, सगळी हातशिलाई तिची. शाळेतून आली की बसते. मागच्या सणाला तुम्ही ह्यांच्या कामाचं एवढं कौतुक करून गेलात ना, की हात अजून बसलेला आहे म्हणून? तो हात तिचा. आत जाऊन केवढी हसली होती."

बाईंना ते कौतुक आठवलं. त्या वेळी गुंडी शेजारीच उभी होती, आणि तिच्याकडे वळून आपण काय विचारलं होतं तेही आठवलं. अभ्यास काय म्हणतोय? गणितात किती? दर वेळी तेच. गुण बघू नका म्हणून जगाला ओरडून सांगणारी बाई भाचीला भेटली की पहिल्या झटक्यात गुण विचारायची, आणि पोरगी हातातली सुई कापडाखाली लपवायची.

"पण तिचं गणित..." बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना स्वतःचा आवाज ऐकवेना.

"गणितात नापास झाली म्हणून तिचे हात तुटले का?" भावजय एवढी कधी बोलायची नाही. आज तिचे डोळे भरले होते. "खडूने फळ्यावर मांडलं की चुकते. कापडावर टेप धरली की नाही चुकत. का ते मला नाही कळत, तुम्ही शिकवता, तुम्हाला कळायला हवं."

बाई स्टुलावर बसल्या. एक शेवटचा धागा त्यांनी धरून ठेवला होता, तोही ओढून बघितला. "पण काजं उलटी आहेत. तू शिकवल्याशिवाय ती उलटी कशी करेल?"

भावाला हसू आलं. त्याला अशा वेळीही हसू यायचं. "मी कुठे शिकवली? तुझं बघून बघून शिकली ती. सुट्टीत येऊन बसतेस, गप्पा मारत मारत हाताला काहीतरी काम घेतेस, तेव्हा ती तुझ्या गुडघ्याला चिकटून असायची."

"मी उलटी करत नाही. माझी खोड कधीच मोडली."

"शाळेत मोडली असेल. इथे बोलताना तुझं लक्ष असतं का हाताकडे? बघ की खाली."

बाईंनी खाली बघितलं. निळा कोट गेल्या सुट्टीत इथेच बसून शिवलेला, ह्याच स्टुलावर. वरपासून खालपर्यंत काजं. शेवटचा आडवा टाका भलत्या बाजूला, प्रत्येक काजाचा. हा कोट अंगात घालून, ही काजं समोर मिरवत, त्या सकाळी तिथे बसून सांगत होत्या की मी हात ओळखते. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना वाटलं. धरणी कुठली घ्यायला! समोर भाऊ होता, भावजय होती, आणि आतल्या खोलीच्या दारात गुंडी येऊन उभी होती.

गुंडी आता गोल राहिली नव्हती. उंच झाली होती, आईएवढी. तिने मान खाली घातली नव्हती, रडलीही नव्हती. तेच बाईंना सोसवेना.

"गुंडे," बाई म्हणाल्या, "तू मला आधी एकदा दाखवलं का नाहीस गं ते जाकीट? एका शब्दाने सांगितलं असतंस..."

"तूच म्हणाली होतीस, आत्या. पंचांना आधी वस्तू दाखवणं म्हणजे लबाडी. म्हणून तू आलीस की मी ते लपवून ठेवायचे."

बाईंनी पिशवी जवळ ओढली.

"तू मला विचारलं का नाहीस?" गुंडीने विचारलं. "मी बाहेरच होते बाकावर."

ती आत निघून गेली. भावजय इस्त्रीकडे वळली, भाऊ टेप गुंडाळत बसला. चहा घेऊन जा असं कोणी म्हणालं नाही. बाई कोटाची बटणं मुठीत धरून घरी आल्या, भेटणाऱ्या प्रत्येकाला ती काजं दिसतील असं काहीतरी त्यांना वाटत होतं.

सकाळी मुख्याध्यापक खुर्चीत टेकतात न टेकतात तोच बाई पुढे उभ्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. भावाचे डोळे, दुकानातली हातशिलाई, स्वतःच्या कोटाची काजं. सुतारसरही तिथेच होते, त्यांच्यादेखत सांगितलं. बोलताना त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता, की मुख्याध्यापकांनी दोनदा "काय?" केलं.

"म्हणजे," मुख्याध्यापक सगळं ऐकून म्हणाले, "वस्तू तुम्हाला आवडली होती."

"पूर्ण गुण देणार होते."

"आणि मग काजं बघितलीत."

"काजांवरून भाऊ आठवला. पण पोरीने केली असतील हे मनात येऊ दिलं नाही ते गुणांमुळे. नापास झालेल्या पोरीच्या हातून असं काम होणं शक्य नाही, असं मी धरून चालले."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. त्यांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल थोडा. "मग बाई, तुमच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला?"

"तुम्ही उघड करता," बाई म्हणाल्या.

सुतारसर टेबलावरची पेन्सिल उगीच सरळ करत होते.

"मुलीला बोलवा," शेवटी मुख्याध्यापक म्हणाले. "आमच्यासमोर काज करू दे. सरांनी ते काल सुचवलंच होतं. पण तुम्ही बाहेर थांबायचं. नात्यातल्या आहात, आणि..." ते अडखळले.

"आणि माझ्या शब्दावर आता विश्वास नाही. बरोबर आहे."

"पुढच्या वर्षीचं मी अजून ठरवलेलं नाही. वस्तू ठेवायची का, तुम्हीच सांगा."

या प्रश्नाला बाईंकडे इतकी वर्षं तयार उत्तर होतं. आज ते तोंडातून फुटेना. "ठेवा," त्या म्हणाल्या. "पण वस्तूबरोबर करणाऱ्यालाही आत बोलवा. आमच्यासारख्यांच्या भरवशावर ठेवू नका."

मग त्या फळ्यापाशी गेल्या. शेरा अजून तसाच होता. तो नुसता पुसून काम भागलं असतं, शिपायाने फडकंही पुढे केलं. बाईंनी खडू मागितला. शेरा खोडून त्याच्याखाली त्यांनी लिहिलं, की हा शेरा चुकीचा होता, वस्तू मुलीचीच आहे, चूक माझी. खाली सही केली. मुलं मागे गोळा होऊन वाचत होती. ज्यांच्या शिलाया त्यांनी उसवायला लावल्या होत्या त्या मुलीही त्यांत होत्या. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुंडी दुपारी आली, भावजयीबरोबर. भावजय खाली फाटकापाशीच थांबली. गुंडी जिना चढून आली, बाईंच्या शेजारून गेली आणि म्हणाली, "आत जाऊ का, बाई?"

घरात ती आत्या म्हणायची, अगं-तुगं करायची. शाळेत बाईच म्हणायचं असतं, त्यात वावगं काही नव्हतं. बाईंनी नुसती मान हलवली. दार लागलं.

बाहेर बसायला तेवढा एक बाकच होता. बाई इतकी वर्षं ह्या दारातून आत-बाहेर करत होत्या, बाकावर कधी टेकल्या नव्हत्या. बाक अरुंद होता आणि भिंत पाठीला गार लागत होती. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि सुतारसरांचा आवाज आला.

"ये बाळ, बस. कात्री चालेल ना ही?"

बाई दचकल्या. सर शेजारी येऊन बोलल्यासारखा आवाज होता. आत खुर्ची ओढलेली ऐकू आली. कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मुख्याध्यापकांनी घसा साफ केला तेही आलं. सुतारसर तर जात्याच हळू बोलणारे, आणि तरी त्यांचा शब्दन् शब्द दाराखालच्या फटीतून सरळ बाकावर येत होता. बाईंनी दाराकडे बघितलं. केवढं जाड दिसायचं ते आतून!

आणि बाई कधी हळू बोलल्या होत्या?

झोके घेणारे ते पाय मध्येच का थांबले होते, हे त्यांना आता कळलं. पाऊण आणि सव्वा. साधा रुमाल चौकोनी कापता येणार नाही. ती रडेल आणि तुम्ही विरघळाल. सगळं. एकेक शब्द इथे येऊन पोचला होता, आजूबाजूला दुसरी मुलं बसलेली असताना. आणि पोरीने घरी जाऊन आईबापांना सांगितलं काय, तर गुण कमी पडले. आत्याचं नाव घेतलं नाही. काल संध्याकाळी आत्यालाही तिने एवढंच म्हटलं, की मी बाहेरच होते बाकावर. बाईंना तेव्हा वाटलं होतं, पोर तक्रार करते आहे की मला बोलावलं नाही. ती तेवढंच सांगत नव्हती. आपण ऐकलं, हे ती सांगत होती, तेही आईबापांना कळू न देता. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शिपाई जिन्यावरून येत होता, तो आल्या पावली परत वळला.

आत काम चाललं होतं. काज करायला वेळ लागतो. मग सुतारसर म्हणाले, "बघा साहेब, उलटं. अगदी तसंच." मुख्याध्यापक काहीतरी पुटपुटले. कागद उलटल्याचा आवाज आला.

"ठीक आहे. प्रवेश दिला," ते म्हणाले. "लेखी विषयांना जास्त बसावं लागेल, गणिताला विशेष. तयारी आहे?"

"हो सर."

"विभाग कोणता लिहू?"

"शिवण."

"तिथे बाई आहेत," मुख्याध्यापक जरा थांबून म्हणाले. "चालेल तुला?"

बाई फटीकडे वाकल्या. फटीतून तिचे पाय दिसत नव्हते, टेबल लांब होतं.

"मला शिवण शिकायचंय," गुंडी म्हणाली.

दार उघडलं तेव्हा बाईंना उठून उभं राहायचं होतं, पण पिशवी घसरली आणि ती सावरण्यात त्या बसूनच राहिल्या. गुंडीच्या हातात कापडाचा तुकडा होता, मधोमध एक काज. तिने आधी बाईंकडे बघितलं, मग बाकाकडे, मग दाराखालच्या फटीकडे.

"इथे सगळं ऐकू येतं," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "आज कळलं."

गुंडीने तो कापडाचा तुकडा बाकावर, बाईंच्या शेजारी ठेवला आणि आई वाट बघत होती म्हणून जिना उतरून गेली.